पुनाजीच्या नावाचा खांब

नालवाडी,
४ जुलै १९५४

पुनाजीदादास,

तुझा पत्ता आपल्या गावच्या नत्थूने दिला. समुद्रपूरच्या बाजारात त्याला खाणीवरचा कुणी माणूस भेटला होता. तू बल्लारशाहकडे कोळसा काढतोस, चाळीत राहतोस आणि मिशा ठेवल्या आहेस, एवढी बातमी मिळाली. मिशांचं ऐकून मी एवढी हसले की नत्थूला वाटलं माझं डोकं फिरलं. मायला मात्र मी काही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर बाबांच्या कानावर जाईल, आणि बाबांसमोर तुझं नाव निघालं की ते उठून बाहेर जातात. तू गेलास त्या दिवशी ते जे बोलले ते तुझ्याही लक्षात असेलच. "तू आमाले मेला" म्हणाले होते. तूही कमी बोलला नव्हतास. मेलेल्यांची लाकडं कोरण्यापेक्षा जमिनीच्या पोटात जाईन म्हणालास आणि खरंच गेलास. दोघंही सारखेच हट्टी.

आता कामाचं लिहिते. जंगलच्या गार्डाने बाबांची कुऱ्हाड नेली. परवान्याशिवाय सागाला हात लावायचा नाही, मग मेलेल्यांच्या नावाचे खांब कशाचे कोरणार? सुदैवाने तेव्हापासून आपल्या गावात कुणी गेलेलं नाही. म्हातारे जंगूकाका खोकले की सगळे त्यांच्याकडे बघतात, आणि मग ते शिव्या घालतात. पण शेजारच्या गावांत गेले ना लोक. त्यांच्या घरच्यांनी नुसते दगड उभे केले. आपल्या दारावरून जाताना ते मान खाली घालून जातात, म्हणजे चूक जणू त्यांचीच. बाबा दिवसभर ओसरीवर बसून पटाशीला धार लावतात. कोरायला लाकूड नाही, तरी धार लावतात. मला ते बघवत नाही.

इथं नालवाडीला मी कामाला आहे तिथं येणाऱ्या वर्तमानपत्रात मी वाचलं की नागपूरला एक समिती झाली आहे. कारागिरांना, चित्रं काढणाऱ्यांना मदत देते, हत्यारं देते, शिकवायला खोली देते आणि मुख्य म्हणजे जंगलातून लाकूड मिळवून देते. अर्ज मात्र नीट लिहिलेला पाहिजे. म्हणून मी वर्ध्याच्या कचेरीबाहेर बसणारे अर्जनवीस दौलतराव यांना गुरू केलंय. जाडे आहेत, पान खातात, आणि माझा पहिला कागद वाचून त्यांनी तो सरळ गुडघ्याखाली घातला.

"पोरी, हे काय लिहिलं? आमचे बाबा लय चांगले खांब कोरतात? मंग त्यायले मदत कायले पाह्यजे? चांगलं चाललं हाय म्हणजे चालू द्या म्हणन साहेब."

"मग काय लिहू?"

"लोप पावून राह्यली, असं लिहजो. ही कला लोप पावत आहे. सरकार हिरव्या झाडाले पाणी नाई घालत. वाळत आलेल्याले घालते."

मी लिहिलं. लिहिताना जरा वाईट वाटलं, पण वाक्य छान जमलं.

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

सुंदरा


नालवाडी,
१९ सप्टेंबर १९५४

पुनाजीदादास,

उत्तर नाही. बरं.

तुझी बहीण आता अर्ज लिहिण्यात वाकबगार झाली आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते. "पाहिजे" लिहायचं नाही, "मिळाल्यास उपकार होतील" लिहायचं. बाप म्हातारा असेल तर "वयोवृद्ध". शेवटच्या परिच्छेदात असं काही यायला हवं की साहेबाने चष्मा काढून पुसावा. दौलतराव म्हणतात, अर्धे अर्ज तिथंच पास होतात. मी किती कागद फाडले ते विचारू नकोस. आता दुसऱ्यांचे अर्जही तेच माझ्यापुढं सरकवतात आणि म्हणतात, "तुह्या हातात दुःख चांगलं उतरते."

आणि अर्ज पास झाला, दादा! समितीचं पत्र आलं. विषय त्यांना फार आवडला. नमुन्यासाठी सागाचा एक ओंडका मंजूर झाला आणि गार्डाला स्वतः तो बैलगाडीने आपल्या दारात आणून टाकावा लागला. त्याचं तोंड बघायला मी सुट्टी काढून गावी गेले होते. बाबांनी ओंडक्याभोवती फेरी मारली, नखाने साल खरवडली, वास घेतला. मग आपल्या बोलीत मला विचारलं, "कोणाचा?"

मी म्हटलं, कोणाचाच नाही, नुसता नमुना आहे. नागपूरच्या लोकांना दाखवायला.

ते माझ्याकडे असे पाहत राहिले की जणू मीच काहीतरी अचरट बोलले. तुला माहीतच आहे त्यांचं. माणूस ठाऊक झाल्याशिवाय हत्यार लावत नाहीत. घोड्यावर बसवायचा की पायी, हातात नांगर द्यायचा की जाळं, हे सगळं त्या माणसावर. मी म्हटलं एखादं खोटंच नाव घ्या. तर म्हणाले, "नसलेल्या मानसाच्या हाती मी काय देऊ?" जुन्यांपैकी कुणाचा करा म्हटलं, तर त्या सगळ्यांचे खांब उभे आहेत, एका माणसाला दोन खांब कसे?

मागून जंगूकाका खोकले. बाबा त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "थांबतो मी. घाई नाई." काका रागाने निघून गेले. मी हसले, पण परत येताना मोटारीत मला ते काही बरं वाटलं नाही. सरकारने दिलेलं लाकूड दारात पडलंय आणि सगळं गाव जाता-येता त्याच्याकडे पाहतंय. कुणाचं हे तेवढं ठरायचं आहे.

सुंदरा


गावाहून,
२ नोव्हेंबर १९५४

दादा,

दिवाळीला आले तर खांब सुरू झाला होता.

कुणी नाव सांगितलं, कुणाला विचारलं, काही माहीत नाही. माय म्हणते एका सकाळी त्यांनी ओंडका सावलीत ओढला आणि बसले. वर सूर्य-चंद्र झालेत. खाली घोडा नाही, पायी चालणारा माणूस आहे. खांद्यावर काठी आडवी टाकून, दोन्ही हात तिच्यावरून सोडलेले. शेजारी बैल. बैलाचं डावं शिंग अर्धं आहे.

मी बराच वेळ पाहत राहिले. अर्ध्या शिंगाचा बैल आपल्याकडे एकच होता आणि त्याच्यामागे खांद्यावर काठी टाकून तसा चालणारा माणूसही एकच.

"बाबा, हे कोण आहे?" मी विचारलं.

"नमुना," ते म्हणाले. मान वर केली नाही.

माय चुलीपाशी होती. तिने पाहिलंय. पाहिलं नसेल असं होणारच नाही, खांब दारात आहे. पण ती ओसरीवरून जाताना पदर असा धरते की त्या बाजूचं दिसू नये. मी तिला म्हटलं, माय, तू बोल ना त्यांना. तर म्हणाली, "काय बोलू? तो तिकडे हाय का नाई, मले काय मालूम?"

तेव्हा मी तिला तुझा पत्ता आहे म्हणून सांगून टाकलं. तिने फक्त विचारलं, "मंग पत्राचं उत्तर काऊन नाई येत?"

तुला सांगता येत असेल तर सांग.

खांब फार सुंदर होतोय, हेही लिहायला हवं. बाबांच्या हातून असा मी पाहिलेला नाही. ते जेवायला उठत नाहीत, हाक मारली तरी ऐकत नाहीत. चेहऱ्यावर मात्र राग दिसत नाही. तू लहान असताना तुला पाठीवर घेऊन नदी ओलांडत तेव्हा जसा चेहरा असायचा, तसा आहे. म्हणून मला जास्त भीती वाटते.

सुंदरा


नालवाडी,
१२ डिसेंबर १९५४

दादा,

एक करायचं आहे. एक कार्ड घे, त्यावर "मी बरा आहे" लिही आणि टाक. लिहायचा कंटाळा असेल तर कुणाकडून लिहून घे. का ते सांगते.

नमुना तयार झाल्यावर समितीकडे त्याची माहिती पाठवायची होती. मी खांबाचं चित्र काढलं, माप लिहिलं. पुढे विचारलं होतं, हा खांब कोणाच्या स्मरणार्थ. मी ती जागा मोकळी सोडली. दौलतरावांनी कागद माझ्यापुढं परत ढकलला.

"मोकळी जागा दिसली का साहेबाले संशय येते. नाव टाक."

"माणूस मेलेला नाही."

"मंग खांब कसा कोरला?"

बाबांना वाचता येत नाही. त्यांनी कोरलं ते कुणाला सांगितलं नाही, आणि मी लिहिलं ते त्यांना सांगितलं नाही. मी तुझं नाव लिहिलं, दादा. तू घरातल्या सगळ्यांना मेल्यासारखा वागतोस, मग एका कागदावर मेलास तर काय बिघडलं, असं त्या क्षणी वाटलं. तुझ्यावर भयंकर राग आला होता. अजूनही आहे.

खाली शेवटचा परिच्छेद लिहिला. तो इथं उतरवत नाही. दौलतरावांनी तो वाचला आणि पान थुंकायला उठून गेले. परत आले तेव्हा म्हणाले, आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

तुझं कार्ड आलं की ते जोडून मी समितीला लिहीन की नावात चूक झाली. तेवढ्यासाठी कार्ड हवं आहे. नुसतं त्याचसाठी नको, हेही तुला कळत असेल. बाजारात कुणी म्हणत होतं की खाणीत छत बसलं. कुठल्या खाणीत ते त्याला सांगता येईना.

सुंदरा


नालवाडी,
३० जानेवारी १९५५

दादा,

कार्ड आलं नाही. साहेब येत आहेत.

फेब्रुवारीच्या वीस तारखेला, रविवारी. खांब आपल्या जागी, रीतीप्रमाणे उभा होताना त्यांना पाहायचा आहे. तो पाहिला की दरवर्षीच्या लाकडाचा परवाना आणि शिकवायची खोली, दोन्ही तिथंच मंजूर करणार. पत्रात लिहिलंय की माझ्या अर्जाने समितीतले सगळे हेलावले.

मी धावत दौलतरावांकडे गेले. अर्ज मागे घेते म्हटलं. पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले.

"जित्या मानसाले मारून सरकारी लाकूड घेतलं, असं होईन ते. तुह्या बापावर खटला होईन. आन् त्या जंगलात तुह्या गावातल्या कोणाले काडीही उचलू देनार नाई तो गार्ड. आता मुकाट्यानं उभा करू दे."

गावी जाऊन मी बाबांना आणि जंगूकाकांना सगळं सांगितलं. नाव लिहिल्याचंही. मला वाटलं बाबा मारतील. ते खाली बसले. मग म्हणाले, "मी कोरलं. तू लिहिलं. आता बोलाचंच राह्यलं."

तुला आठवण करून द्यायला नको, पण तिकडे इतके दिवस राहून विसरला असशील म्हणून लिहिते. कोरल्याने कुणी जात नाही. खांब उभा करून जंगूकाका मोठ्याने नाव घेतात आणि नावाबरोबर सगळे मुठीतली माती खड्ड्यात सोडतात, तेव्हा तो माणूस त्या खांबाचा होतो. मग त्याचं नाव घरात घ्यायचं नाही, आणि तो समोर येऊन उभा राहिला तरी आपल्याला दिसत नाही असं वागायचं. म्हणून काकांनी तोड काढली आहे. खांब उभा करायचा, खड्ड्यात माती टाकायची, पण नाव घ्यायचंच नाही. साहेबाला काय कळणार? त्याच्या लेखी समारंभ होईल, आपल्या लेखी ते नुसतं रोवलेलं लाकूड. तू कधीतरी आलास की उपटून टाकू.

तरी गावात लोक दबकून बोलतात. तानाबाई पाण्यावर भेटली तर माझा हात धरून म्हणाली, "पोरी, तो आला असता तर बरं झालं असतं." ती आपल्यासाठी हळहळत होती की तू गेलासच असं तिने धरलंय, ते मला कळलं नाही.

म्हणून आता कार्ड नको. तू ये. आर्वीला उतर, तिथून चालत ये, सगळ्यांसमोर उभा राहा. साहेबाचं काय व्हायचं ते होऊ दे. बाबांनीही म्हटलं, "त्याले लिह, येजो म्हणाव." हे त्यांचे शब्द आहेत, मी वाढवलेले नाहीत. अर्जात वाढवते, तुला लिहिताना नाही.

सुंदरा


गावाहून,
२१ फेब्रुवारी १९५५

वर दादा लिहिलेलं नाही ते तुझ्या लक्षात आलं असेल. जंगूकाका ओसरीवर बसले आहेत, आणि मी काय लिहिते आहे ते त्यांना ठाऊक आहे.

काल मी तुला पाहिलं.

इथं कुणी मानत नाही. माय म्हणते, तुला तो दिसणारच, तूच लिहिलंस ना. पण मोहाच्या झाडामागे, जिथं साहेबाची जीप उभी होती तिथं, तू होतास. खांद्याला पिशवी होती. मिशा तुला अजिबात शोभत नाहीत. माझं पत्र तुला मिळालं होतं, नाव घेणार नाहीत हे तुला माहीत होतं, म्हणूनच तू निवांत उभा होतास आणि हसत होतास. कार्यक्रम संपला की एकदम पुढे येऊन सगळ्यांना चकवायचं, हेच तुझ्या मनात असणार. लहानपणापासूनची खोड. मी तुला हाक मारली असती. साहेब बाजूला होते म्हणून थांबले. फक्त त्याचमुळे थांबले.

बाबांनी खांब खड्ड्यात उतरवून दोन्ही हातांनी सरळ धरला होता. सगळ्यांनी मुठीत माती घेतलेली. काकांनी हात वर केला की बिनबोलता टाकायची, असं ठरलेलं. तूही वाकून मूठभर माती घेतलीस. आपल्यातला कुणीही घेईल तशी.

काका हात वर करणार तेवढ्यात साहेब म्हणाले, "एक मिनिट थांबा." माणूस वाईट नाही. येताना गार्डाकडून बाबांची कुऱ्हाड घेऊन आला होता. त्याने खिशातून माझा अर्ज काढला, चष्मा लावला, आणि शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचला. तो मी तुला सांगितला नव्हता. आता तू ऐकलाच आहेस.

"तरुण मुलाच्या अकाली निधनानंतर वयोवृद्ध पित्याच्या थरथरत्या हातांनी घडलेला हा बहुधा अखेरचा खांब. कैलासवासी—"

आणि पुढे तुझं नाव. किती खणखणीत आवाज त्याचा! टेकडीवरून परत आला. आणि नाव ऐकल्याबरोबर सगळ्यांच्या मुठी उघडल्या. कुणी ठरवलं नाही. आपल्या हातांना जन्मभर तेच माहीत आहे, नाव आलं की सोडायची. काकांची उघडली. तानाबाईची उघडली. मायची उघडली, आणि मग ती आपल्या रिकाम्या तळहाताकडे पाहत राहिली. माझीही उघडली. मला कळलं तेव्हा माती खड्ड्यात होती.

मी वर पाहिलं. तू हसत नव्हतास. तुझी मूठ तेव्हा मिटलेली होती, हे मी शपथेवर सांगते. मग माय खाली कोसळली, मी तिला धरायला वाकले, आणि परत पाहिलं तर मोहाखाली कुणी नव्हतं.

साहेबांनी मायला पाणी दिलं. डोळे पुसले. परवाना आणि खोली, दोन्ही मंजूर झाल्याचं जाहीर केलं. बाबांनी खांब सोडलाच नाही. जीप निघून गेली, लोक पांगले, तरी धरून उभे होते. कुऱ्हाड तिथंच गवतात पडली होती, अजून कुणी उचललेली नाही.

रात्री काकांना मी विचारलं, काहीच करता येत नाही का? ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "घरच्या एकाची जरी मूठ मिटलेली राह्यली असन, तर खांब बसला नाई. मंग उपटता येते. पन तुह्या घरचं कोन राह्यलं? तुह्या बापाच्या हातात माती नव्हती. तुम्ही दोघी तर टाकून बसल्या."

मी म्हटलं, तो आहे ना घरचा.

मधल्या वेळात तू काय केलंस, ते फक्त तुलाच माहीत आहे. रागाने टाकलीस का? दचकून सुटली का? की तशीच मुठीत धरून उतरणीला लागलास? माती कुठेही असली, खिशात असली, पिशवीत असली, रुमालात बांधलेली असली, तरी ती घेऊन ये. काकांनी विचारलं तर मी भांडेन. भांडायला मला कागद लागत नाही. पण टाकली असशील तर खोटं सांगू नकोस. खोटं आता या घरात पुरे झालं.

बाबा सकाळपासून खांबापाशी बसले आहेत. हातात पहार आहे. लोक त्यांना घरी चला म्हणतात, ते म्हणतात, "थांबतो मी."

काल संध्याकाळी मायने तुझा घास उंबऱ्याबाहेर ठेवला, मेलेल्यांचा ठेवतात तसा. मी तो उचलून आत आणला आणि तुझ्या जागेवर ठेवला. आजही आणीन. उद्याही आणीन. पण हे मला फार दिवस करू देणार नाहीत. लवकर ये.

सुंदरा